खाडाखोड करू नये

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी बॅकयार्डात टोमॅटो तोडत होते. "मच्याडो मॅडम, तुम्ही एवढी वर्षं हायस्कूलच्या सायन्स प्रोग्रॅममध्ये शिकवलंत. तुमच्या मुलांच्या अचिव्हमेंट्सवर लिहा ना. कोण कुठे पोचलं, कुणाला काय मिळालं. आपल्या पेरेंट्सना जरा इन्स्पिरेशन!"

मी म्हटलं, "अहो, ती यादी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये काचेच्या कपाटात लावलेली आहे. नावं, फोटो, मेडल्स, सगळं. मी वेगळं काय लिहू?"

"मग तुम्हाला हवं ते लिहा, पण सप्टेंबर एंडच्या आत द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संपादक असाच हवा.

तर मला हवं ते लिहिते. त्या कपाटात मेडल्सच्या मधोमध एक कागद आहे. साधा प्रिंटरचा कागद, पाण्याचे डाग पडलेला, आकडे खोडलेला. नवीन पालक ओपन हाउसला येतात तेव्हा हमखास विचारतात म्हणे, हे काय मध्येच? त्या कागदाची गोष्ट सांगते. त्यात एका मुलीची अब्रू पणाला लागली होती, आणि ती पणाला लावली होती मी, तिच्या टीचरनं.

मी मूळची वसईची. तिकडे ज्युनिअर कॉलेजात बारा वर्षं केमिस्ट्री शिकवली. इकडे कॅनडात आल्यावर पुन्हा कोर्स, पुन्हा सर्टिफिकेट, मग तीन वर्षं सप्लाय टीचर, म्हणजे कोणाला सर्दी झाली की आपल्याला फोन. शेवटी मिल्टनजवळच्या एका हायस्कुलात कायमची लागले आणि तिथल्या सायन्स प्रोग्रॅमला चिकटले ती रिटायर होईपर्यंत.

बाहेरच्यांना हा प्रोग्रॅम म्हणजे काहीतरी फार मोठं वाटतं. नववी ते बारावीची मुलं परीक्षा देऊन येतात, त्यांना सायन्स जरा खोलात शिकवायचं, आणि दरवर्षी प्रत्येकानं स्वतःचा एक प्रोजेक्ट करायचा. झालं. टीचरचं निम्मं आयुष्य हरवलेले गॉगल शोधण्यात, परमिशन फॉर्मवर सह्या गोळा करण्यात आणि "ब्रेडवर बुरशी नको रे बाबा, दरवर्षी आठ जण आणतात, माझी लॅब वास मारते" हे सांगण्यात जातं. उरलेलं निम्मं पालकांना समजावण्यात. एक गृहस्थ पहिल्याच पेरेंट्स नाइटला वही-पेन घेऊन समोर बसले. "मॅडम, कुठला प्रोजेक्ट जिंकतो?" मी म्हटलं, "जो मुलानं स्वतः केलेला असतो तो." त्यांनी ते मुकाट लिहून घेतलं. आणि मार्चमध्ये ऑफिसातून लॅमिनेट करून असला झकास पोस्टर घेऊन आले, की मुलाला त्याचं टायटल वाचता येईना! मी कसंबसं हसू दाबलं. पुढे स्वतःच काय करून बसणार होते हे तेव्हा माहीत असतं, तर मुळीच हसायला आलं नसतं.

ऋचा दहावीत होती. नागपूरकडची मंडळी, आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, घर मिल्टनच्या एका नव्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीत. बारीक अंगाची, केसांची घट्ट वेणी, बोलणं कमी. मी मराठीत बोलले की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, पण समजायचं सगळं. एके दिवशी लंचमध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मिस, इन विंटर दे पुट सॉल्ट ऑन द रोड, टू मेल्ट द स्नो. हाऊ फार डझ इट गो?"

"लांब म्हणजे?"

"लाइक, फ्रॉम द रोड. टिल व्हेअर?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ती खूश झाली. मुलांना टीचरला न येणारा प्रश्न सापडला की जो आनंद होतो ना, त्याच्यावर आमचा अख्खा प्रोग्रॅम चालतो.

तिनं शोधून काढलेली रीत मला फार आवडली. रस्त्याच्या कडेचा बर्फ, दहा पावलांवरचा, पन्नास पावलांवरचा आणि लांब पार्कमधला, असा चार ठिकाणचा बर्फ बरण्यांत भरून आणायचा, वितळवायचा आणि त्या पाण्यात मटकी भिजवून मोड आणायचे. साध्या नळाच्या पाण्यातही एक वाटी. तीन दिवसांनी पट्टी घेऊन मोड मोजायचे. पाण्यात मीठ जास्त, तर मोड आखूड. सात आठवडे, दर आठवड्याला नवा बर्फ. मोड मोजायला महागडी मशिनं लागत नाहीत, आणि प्रयोग संपल्यावर उसळही... नाही, उसळ करायची नाही असं मी तिला बजावून सांगितलं होतं.

सायन्स फेअर त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. आधीच्या सरांनी रिटायर होताना एक जाड फाइल हातात दिली. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक मुलाची एक लॉगबुक हवी आणि ती 'ओरिजिनल' हवी. मी वाचलं आणि मान डोलावली. ओरिजिनल म्हणजे दुसऱ्याची कॉपी मारलेली नसावी, आणखी काय!

आता तुमच्यापैकी ज्यांनी तिकडे सायन्स केलंय त्यांना जर्नल आठवत असेल. आधी रफ वहीत रीडिंग घ्यायची, मग घरी जाऊन फेअर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायची. आकृती पेन्सिलीनं, नावं उजव्या बाजूला, समास आखलेला. आणि पहिल्या पानावर सूचना: खाडाखोड करू नये. टर्म संपली की चाळीस जर्नलांचा ढिगारा सरांपुढे, आणि सर एका बैठकीत धडाधड सह्या ठोकणार. रफ वही रद्दीत. मी अशीच शिकले आणि बारा वर्षं असंच शिकवलं. माझ्या हाडीमासी भिनलेलं होतं ते.

तर मी ऋचाला कोरी करकरीत लॉगबुक दिली आणि म्हटलं, "यात थेट लिहायचं नाही हं. आधी कच्चं लिही, मग यात फेअर कर. एकच पेन वापर. खाडाखोड अजिबात नको, माझं नाव जाईल."

"ओके, मिस."

आणि पोरीनं अक्षरशः तसंच केलं. आठवडाभर सुट्या कागदांवर आकडे लिहायची, दर रविवारी सुंदर अक्षरात लॉगबुकमध्ये उतरवायची आणि कच्चे कागद ब्लू बॉक्समध्ये टाकायची, रिसायकलिंगला. फेअरच्या आधीच्या सोमवारी तिनं लॉगबुक माझ्यापुढे ठेवली. काय ती वही! एक डाग नाही, एक चूक नाही. मी प्रत्येक पानाखाली सही ठोकली आणि तारीख घातली. सगळ्या पानांवर त्याच सोमवारची.

पुढच्या शनिवारी फेअर. अर्ध्या तासावरच्या एका कॉलेजच्या जिममध्ये दीडदोनशे टेबलं, प्रत्येक टेबलामागे घाबरलेलं एक पोर. परीक्षक म्हणजे प्रोफेसर, इंजिनियर, अशी फुकट वेळ देणारी भली माणसं. टीचरनं टेबलाजवळ थांबायचं नाही असा नियम, म्हणून मी कॅफेटेरियात कॉफी घेऊन बसले होते. साडेबाराच्या सुमारास मुख्य परीक्षक स्वतः मला शोधत आल्या. उंच, सत्तरीच्या बाई, मातीच्या शास्त्रज्ञ, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. हातात ऋचाची वही.

मला वाटलं, कौतुक करायला आल्या. मी चक्क उठून उभी राहिले.

त्यांनी वही टेबलावर उघडली. "द डेटा इज टू क्लीन," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. सात आठवड्यांची वही, एका पेनानं, एका हातानं, एकही चूक न करता? भिजलेल्या हातांनी मोजणी केली म्हणते, तर एकाही पानावर पाण्याचा थेंब नाही? आणि टीचरची सही सगळ्या पानांवर एकाच दिवशीची? मग हळूच म्हणाल्या की दोन परीक्षकांचं मत आहे, हे आकडे घरी बसून बनवलेत. तसं ठरलं तर तिला स्पर्धेतून काढावं लागेल, आणि शाळेला तसं पत्र जाईल.

मी तडकले. "आमच्याकडे असंच असतं! याला फेअर कॉपी म्हणतात!"

"मग कच्ची प्रत कुठे आहे?"

देवा रे, तेव्हा कुठे तो 'ओरिजिनल' शब्द मला कळला. त्यांना गोंडस वही नकोच होती. त्यांना हवा होता तो डाग पडलेला, घाईत लिहिलेला, चुकलेला कागद, जो मी त्या मुलीला फेकायला लावला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजता परीक्षकांची बैठक, तोवर जे काय दाखवायचं ते दाखवा.

मी ऋचाकडे गेले. ती टेबलामागे हात बांधून उभी होती, डोळे लाल. आणि मी तिला जे विचारलं ते आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी विचारलं, "ऋचा, खरं सांग. तू आकडे बनवले तर नाहीस ना?"

का विचारलं? कारण आम्ही बनवायचो. कॉलेजात पेंड्युलमचा प्रयोग एकदाही धड यायचा नाही आणि जर्नलमध्ये उत्तर मात्र सगळ्यांचं पुस्तकातलं. आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी रीडिंग. सगळे करायचे, सरांनाही ठाऊक असायचं. माझ्या मनातली ती जुनी घाण मी त्या पोरीवर टाकली.

ती म्हणाली, "आय डिडन्ट मेक इट अप, मिस. यू टोल्ड मी टू कॉपी." आणि हुंदका.

मी म्हटलं, घरी फोन लाव, निदान शेवटच्या आठवड्याचे कागद बॉक्समध्ये असतील तर बघू. आईवडील दोघंही चार वाजता बक्षिसं बघायला म्हणून येणार होते आणि त्याआधी ग्रोसरीला बाहेर पडले होते. घरी फक्त आजोबा, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. तिनं माझा सेलफोन घेतला.

"आजोबा, माझे रफ पेपर्स... ते मटकीवाले. ब्लू बॉक्समध्ये आहेत का, प्लीज बघा ना."

पलीकडून इतका खणखणीत आवाज आला की मलाही ऐकू आलं. "बॉक्समंदी काऊन असतील? माझ्यापाशी हायेत सगळे. पाठकोरा कागद कोणी फेकते का?"

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "आजोबा, मी ऋचाची टीचर बोलतेय. सगळे म्हणजे किती?"

"पहिल्यापासूनचे हायेत न, बाई. एका बाजूनं लिहून फेकून राहिली होती पोरगी. मी दर सोमवारी काढून घेतो. मागून रामनाम लिहितो."

माझ्या बाकीच्या मुलांना एका सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि गाडी काढली. बाहेर मार्चअखेरचा भुरभुर बर्फ पडत होता, विंटर टायर्स अजून काढले नव्हते हे नशीब. अर्ध्या तासात मी त्यांच्या दारात. आजोबा डायनिंग टेबलाशी बसून लिहीत होते. पांढरा लेंगा, वर दोन स्वेटर. समोर कागदांची चवड, त्यांच्यावर एक धुतलेला गुळगुळीत दगड. पेन न उचलता त्यांनी मला बोटानं थांबायची खूण केली. मी कसली थांबते! "आजोबा, तीन वाजता निकाल आहे. पोरीवर खोटेपणाचा आळ आलाय. उठा."

पेन थांबलं. त्यांनी पान पाहिलं. "एकशे सात झाले. एक राहिला."

"आल्यावर लिहा."

मी चवड उचलायला हात पुढे केला तर त्यांनी ती आपल्याकडे ओढली. "असं नाही देता येत, बाई. नामाचे कागद आहेत हे. नागपूरला गेलो की रामटेकला तळ्यात सोडायचे आहेत. मी येतो संगं."

मग माकडटोपी, मग मफलर, मग जावयाचे स्नो बूट, दोन नंबर मोठे. लाल फडक्यात कागद बांधून ते गठुडं त्यांनी पोटाशी धरलं आणि माझ्या शेजारी बसले. सीट बेल्ट मीच लावला. आमच्या घरी माळेचे मणी ओढत प्रार्थना करायची पद्धत, त्यामुळे एकशे सातवर थांबवलेल्या माणसाची तडफड मला समजत होती. वाटेत म्हटलं, "आजोबा, तो एक गाडीतच लिहून टाका ना."

"चालत्या गाडीत नाव लिहीत नाही मी. अक्षर बिघडते." थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, एक विचारू? आमची पोरगी खोटं काऊन लिहील?"

मी म्हटलं, "तिनं नाही लिहिलं, आजोबा. मी तिला चुकीचं शिकवलं." कोणापुढे तरी ते बोलून मला जरा मोकळं वाटलं.

दोनच्या आसपास आम्ही जिममध्ये पोचलो. एका बाजूच्या खोलीत मुख्य परीक्षक बाई, ऋचा, आजोबा आणि मी. आजोबांनी फडकं सोडलं. आणि ते कागद पाहून मला रडूच कोसळलं. मटकीची टरफलं चिकटलेली, आकडे तिरके, कुठे पेन्सिल, कुठे जांभळं जेल पेन, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. आणि प्रत्येक पानावर ऋचानं कोपऱ्यात तारीख घातलेली. उलटं केलं की मागे बारीक निळ्या अक्षरात श्रीराम, श्रीराम, बारा ओळी, प्रत्येक ओळीत नऊ वेळा. बर्फाचं पाणी सांडून जिथे कागद फुगला होता तिथे आजोबांची शाई पसरलेली.

बाई एकेक पान उलटसुलट करत होत्या. "व्हॉट इज ऑन द बॅक?"

मी सांगितलं, देवाचं नाव आहे, हे रोज लिहितात.

"अँड धिस, इन द कॉर्नर?"

आजोबांनीही प्रत्येक पानाखाली तारीख घातली होती, मराठी आकड्यांत. मी वाचून दाखवायला सरसावले तर बाईंनी हात वर केला. तुम्ही नको, तुम्ही तिच्या टीचर आहात. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, एक कोरा कागद आजोबांपुढे ठेवला आणि एक ते दहा अंक लिहायला सांगितले. आजोबांनी शाळामास्तराच्या थाटात लिहिले. बाईंनी त्यांच्याखाली आपले आकडे मांडले आणि तो तक्ता समोर ठेवून स्वतः एकेक तारीख लावत बसल्या. मध्येच पुटपुटल्या, "युअर वन लुक्स लाइक अवर नाइन." आजोबा मला म्हणाले, "काय म्हणते?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तिले सांगा, तुमचाच नऊ आमच्या एकासारखा दिसते."

वीस मिनिटं त्यांचं हे चाललं होतं. मग बाईंनी मान वर केली. समोरच्या तारखेनंतर चार ते सहा दिवसांनी मागची तारीख, प्रत्येक पानावर, सात आठवडे. फेअरसाठी काल बसून बनवलेले कागद असे नसतात, असं त्या म्हणाल्या. मी ऋचाचा हात घट्ट धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाई अजून थांबल्या नव्हत्या. सगळ्यात वरचं पान त्यांनी पुढे ओढलं, तेच एकशे सातचं. समोरच्या बाजूला शेवटच्या आठवड्यातला पार्कचा आकडा होता, आणि त्यावर फुली. त्याच्याखाली आणखी एक आकडा, त्यावरही फुली. लॉगबुकमध्ये त्या आठवड्याचा पार्कचा रकानाच नव्हता.

"व्हाय डिड यू क्रॉस धिस आउट?"

ऋचा म्हणाली की पार्कच्या नेहमीच्या जागेवरचा बर्फ वितळला होता म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातला आणला. मोड एकदम आखूड आले, रस्त्याच्या कडेपेक्षाही आखूड. वाटलं, बरण्या अदलाबदल झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "इट डिडन्ट फिट. अँड मिस सेड नो... खाडाखोड." तो एक शब्द तिनं मराठीत म्हटला, कारण त्याला इंग्लिश शब्द तिच्याकडे नव्हता.

बाईंनी तो शब्द मला विचारला. मी अर्थ सांगितला. सांगताना माझे कान तापले होते. त्यांनी त्या फुलीवर बोट ठेवलं आणि ऋचाला म्हणाल्या, तुझ्या अख्ख्या वहीत हाच आकडा मला सगळ्यात जास्त आवडला. रस्त्यापासून एवढ्या लांब मीठ आलं कुठून? जाऊन शोध.

आळ गेला. फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की आकडे खरे आहेत. मेडल मात्र नाही मिळालं. आलेली रीडिंग वगळली म्हणून गुण कापले गेले, आणि ते योग्यच होतं. चूक माझी, गुण तिचे कापले. हिशेब असा उलटा लागला की माणूस कोणाकडे दाद मागणार?

पार्किंग लॉटमध्ये तिच्या आईवडिलांसमोर, आजोबांसमोर मी तिची माफी मागितली. दोन गोष्टींची. वहीची, आणि त्या प्रश्नाची. आई बिचारी "अहो मॅडम, असं काय करता" म्हणत राहिली. ऋचा म्हणाली, "इट्स ओके, मिस." मुलं इट्स ओके म्हणतात तेव्हा ते ओके नसतं, हे एवढ्या वर्षांत मला कळत होतं. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते लागलं, पण मी ते कमावलेलं होतं.

सोमवारी मी लॅबच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: खोडा, पण फेकू नका. इंग्लिशमध्ये लिहिलं अर्थात. त्या वर्षीपासून आमच्याकडे सुटा कागद बंद, लॉगबुकमध्ये थेट लिहायचं, चूक झाली तर एक रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पुढच्या वर्षांत आमच्या मुलांना जी काही मेडल्स मिळाली, त्या कपाटात जी नावं वाढत गेली, त्यांतल्या निम्म्यांना तरी या नियमानं हात दिला. मुलांना वाटायचं, मिस किती मॉडर्न आहेत.

आणि ऋचा? पुढच्या हिवाळ्यात ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. "मिस, आय वॉन्ट टू गो बॅक टू द पार्क." आम्ही दोघी मिळून त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिलो, नाक गोठेपर्यंत. तर पहाटेच्या, बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊच्या गाड्या जवळच्या दुकानांच्या प्लाझाच्या पार्किंग लॉटमधला सगळा बर्फ, मिठासकट, आणून तिथे ढीग लावत होत्या! रस्त्याचं मीठ चालत जात नव्हतं, त्याला गाडीनं नेऊन सोडत होते. त्या प्रोजेक्टवर ती देशपातळीच्या फेअरपर्यंत गेली. बक्षीस देणाऱ्यांत त्याच बाई होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या. त्यांनी मला लांबून हात केला. त्या बाईंचे उपकार मी विसरायची नाही. एका फटक्यात 'नाही' म्हणणं त्यांना किती सोपं होतं. त्या दहा आकड्यांचा तक्ता मांडून बसल्या.

आजोबा पहिल्या फेअरनंतरच्या उन्हाळ्याआधीच नागपूरला परतले होते. जाताना त्यांनी सगळे कागद नेले, एक सोडून. अपुरं पान पाण्यात सोडता येत नाही, म्हणाले, आणि नंतर पुरं करू म्हटलं तर त्या दिवसाची तारीख गेली. ते पान त्यांनी ऋचाला दिलं. दोन-तीन वर्षांनी ते गेल्याचं तिच्या आईकडून कळलं. मी माझ्या माळेतला एक मणी त्यांच्या नावानं ओढला. त्यांनी समजून घेतलं असेल.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. माझ्या सेंड-ऑफच्या आधी प्रिन्सिपॉलनी प्रोग्रॅमच्या जुन्या मुलांना ईमेल पाठवला, मिससाठी कपाटात ठेवायला काहीतरी पाठवा. काय काय आलं! कोणी ग्रॅज्युएशनचा फोटो पाठवला, कोणी पेपरात आलेलं नाव. एकानं चक्क बुरशी आलेल्या ब्रेडचा फ्रेम केलेला फोटो पाठवला, आता तो फूड सेफ्टीत काम करतो. ऋचा आता पाण्यावर मास्टर्स करते. तिच्याकडून आलं एक चपटं पाकीट. आत तोच कागद, दोन फुल्यांचा.

शाळेनं तो समोरची बाजू दिसेल असा लावलाय, आकड्यांची. लावण्याआधी मी तो हातात घेऊन उलटा केला. मागे आजोबांची बारा ओळींची रांग, शेवटच्या ओळीत आठच नावं होती, नववी जागा रिकामी, हे मला पक्कं आठवत होतं. आता ती रिकामी नव्हती. तिथे वाकड्यातिकड्या, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'शीराम'. त्यावर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. आणि पुढे पुन्हा, जपून जपून, 'श्रीराम'.

त्याच्याखाली जांभळ्या जेल पेननं एक ओळ, तीही मराठीत. जी मुलगी माझ्याशी चार वर्षांत सलग एक वाक्य मराठीत बोलली नव्हती, तिनं लिहिलं होतं:

"मिस, खाडाखोड चालेल ना?"